वाऱ्याची दिशा आणि वस्तीची जागा

दलित समीक्षेने आजवर कथा, कविता, आत्मकथन आणि नाटक यांचीच तपासणी केली. ज्या कागदांवर आपल्या माणसांच्या जगण्यामरण्याचा प्रत्यक्ष हिशेब मांडला जातो, त्या कागदांना मात्र आपण साहित्याबाहेरची बाब समजलो. पंचनामा, सातबारा, पालिकेची नोटीस, चौकशी समितीचा अहवाल हेही लेखनच आहे. त्यालाही निवेदक असतो. काय सांगायचे आणि काय गाळायचे याची निवड तिथेही होते, आणि कवितेतल्या निवडीपेक्षा तिचे परिणाम अधिक कठोर असतात. या लेखात मी अशाच एका लेखनाचे परीक्षण करणार आहे. रासायनिक कारखान्यातून वायू सुटला तर तो किती दूर जाईल, कोण गुदमरेल, कोण मरेल याचे गणित करणारे सॉफ्टवेअर आणि त्याच्या आधाराने लिहिले जाणारे जोखमीचे अहवाल. मराठी शिकवणाऱ्या बाईने या विषयात कशाला पडावे, असे कोणी विचारील. कारखान्याच्या भिंतीला भिंत लागलेल्या घरांतून आलेली मुले माझ्या वर्गात बसतात, एवढे उत्तर मला पुरेसे वाटते.

ठाणे जिल्ह्यात हा विषय हवेत नाही, किंबहुना हवेतच आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि त्याची सुरुवात ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून झाली. मग ठाणे-बेलापूर पट्टा, डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातल्या औद्योगिक क्षेत्रांना प्रदूषणाचे गुण दिले, तेव्हा डोंबिवलीला शंभरापैकी ७८.४१ मिळाले. सत्तरच्या वर गेले की अतिप्रदूषित. आमच्या मुलांना कुठल्याच परीक्षेत इतके गुण सहजासहजी मिळत नाहीत. २६ मे २०१६ रोजी डोंबिवलीच्या प्रोबेस एंटरप्रायझेसमध्ये स्फोट झाला, बारा माणसे गेली, जखमींची संख्या शेकड्यांत होती. आठ वर्षांनी, २३ मे २०२४ रोजी, त्याच एमआयडीसीत अमुदान केमिकल्समध्ये स्फोट झाला. दहाहून अधिक कामगार मेले, आणि काहींची ओळख पटवण्यासाठी डीएनए तपासणी करावी लागली. पहिल्या दिवशीच्या बातम्यांत बॉयलर फुटला असे आले. रिॲक्टर फुटला हे नंतर कळले. हा फरक केवळ तांत्रिक नाही. बॉयलर म्हटले की वाचकाच्या डोळ्यांपुढे पाणी आणि वाफ येते. रिॲक्टर म्हटले की आत काय शिजत होते, असा प्रश्न निघतो. शब्द बदलला की प्रश्न बदलतो, हे समीक्षेला नव्याने सांगायला नको.

आता सॉफ्टवेअरकडे वळू. या क्षेत्रात अनेक सॉफ्टवेअर आहेत. मोठ्या कंपन्या फास्टसारखी महागडी वापरतात. मी जे पाहिले ते अलोहा. अमेरिकेची सागरी व वातावरणीय संस्था नोआ आणि तिथली पर्यावरण संरक्षण संस्था यांनी ते तयार केले आणि ते कुणालाही फुकट मिळते. 'एरियल लोकेशन्स ऑफ हॅझार्डस ॲटमॉस्फिअर्स' या लांबलचक नावाची ही आद्याक्षरे. हवाई बेटांवरच्या मूळ लोकांचा हा अभिवादनाचा शब्द आहे. भेटताना म्हणतात, निरोप घेतानाही म्हणतात. विषाचा ढग मोजणाऱ्या यंत्राला हे नाव देणाऱ्याने विनोद केला की त्याला काही सुचलेच नाही, कोण जाणे. आमच्या आज्यापणज्यांना वाकून 'जोहार मायबाप' म्हणावे लागे. परक्यांच्या अभिवादनांचे काय होते याबद्दल आम्ही थोडे हळवे असतो.

गेल्या वर्षी आमच्या कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने प्रकल्पासाठी हे सॉफ्टवेअर घेतले. अहवालाचे मराठी तपासायला तो माझ्याकडे आला, आणि मग तीन दुपारी आम्ही लॅबमधल्या संगणकासमोर बसलो. सॉफ्टवेअर माणसाला एकामागून एक प्रश्न विचारते. जागा कोणती? आयत्या यादीत अमेरिकेतली गावे आहेत. कल्याण आपल्याला घालावे लागते, अक्षांश-रेखांश देऊन. रसायन कोणते? वारा किती, कुठून? आकाश ढगाळ की निरभ्र? जमीन उघडी की शहरी? वायू टाकीतून सुटतो, जमिनीवरच्या थारोळ्यातून उठतो, नळातून येतो, की थेट हवेत? सगळे भरले की नकाशावर तीन रंग उमटतात. लाल, नारिंगी, पिवळा. लाल पट्ट्यात जीव जाण्याचा संभव. नारिंगीत कायमची इजा, किंवा पळून जाण्याची ताकदच नाहीशी होणे. पिवळ्यात खोकला, डोळ्यांची आग असा त्रास. क्लोरीनसाठी तासाभराच्या संपर्काचे अमेरिकी आकडे अनुक्रमे २०, २ आणि ०.५ पीपीएम असे आहेत. पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत विषाचे इतके भाग.

मधे एक प्रश्न असा येतो की, लोक घरात असतील तर ते घर कसे आहे? पर्याय असे: बंदिस्त ऑफिसची इमारत, एकमजली इमारत, दुमजली इमारत. त्यातही भोवती झाडे किंवा इमारतींचा आडोसा आहे की नाही, ते निवडायचे. यावरून घरातली हवा तासात किती वेळा बदलते, म्हणजे बाहेरचे विष किती वेगाने आत शिरेल, ते ठरते. हिशेब दारे-खिडक्या लावलेल्या आहेत असे धरून केलेला असतो. पोरगा थांबला.

"मॅडम, आमचं घर यात कुठलं निवडू?"

त्याचे घर म्हणजे दहा बाय बाराची खोली, वर सिमेंटचा पत्रा. पत्रा आणि भिंत यांच्यामध्ये वितीएवढी फट, तिच्यातून धूर जावा म्हणून मुद्दाम ठेवलेली. दार लावले तरी खालून उंदीर जातो. न्याय म्हणून सांगते की सॉफ्टवेअरमध्ये हवा बदलण्याचा आकडा स्वतः टाकण्याचीही सोय आहे. पण पत्र्याच्या खोलीतली हवा तासात किती वेळा बदलते हे मोजायला आजवर कोणत्या तज्ज्ञाने वस्तीत उपकरण लावले? ज्याचे घर मोजलेच गेले नाही, तो माणूस नकाशावर एकतर अमेरिकेतल्या कुणाच्या तरी बंगल्यात राहतो किंवा उघड्यावर. त्याने शेवटी 'एकमजली, आडोशाची' हा पर्याय निवडला आणि अहवालात तसे लिहिले. मी त्याला तो पर्याय खोडून कंसात खरी हकिगत लिहायला लावली. प्रकल्पाला गुण कमी मिळाले असतील, तर त्याला माझे संपादन कारण आहे.

इथे कोणी म्हणेल की वायूला जात नसते. डोंबिवलीच्या फ्लॅटमधल्या जोशी-कुलकर्ण्यांनाही तोच वास येतो, प्रोबेसच्या वेळी त्यांच्याही काचा फुटल्या. खरे आहे. वायूला जात नसते. पण भिंतीला असते, छपराला असते, दुसऱ्या गावात बहिणीकडे चार दिवस जाऊन राहण्याच्या सोयीला असते, रजेला असते. आमच्या गावाकडे महारवाडा गावाच्या पूर्वेला होता, ओढ्याच्या खालच्या अंगाला. पश्चिमेचा वारा आधी गावावरून यायचा, मग आमच्यावर, पाणीही तसेच. आमच्या अंगावरची हवा गावाकडे जाऊ नये, एवढी काळजी त्या रचनेत होती. संगणक नसताना गावाने वाऱ्याचा नकाशा इतका अचूक काढला होता, याचे मला अजून आश्चर्य वाटते. आजोबा बहात्तरच्या दुष्काळात नगर जिल्ह्यातून कल्याणला आले तेव्हा गाव सुटले. वाऱ्याची खालची बाजू सुटली का? नाल्याच्या काठी, कारखान्याच्या मागच्या भिंतीला, जिथे जमीन कुणालाच नको होती तिथे जागा मिळाली. ही जागा कुणी पाटलाने नेमून दिली नव्हती. भाड्याने नेमून दिली.

अलोहाच्या निर्मात्यांचे एका गोष्टीसाठी मी कौतुक करते. त्यांनी आपल्या साधनाच्या मर्यादा स्वतःच लिहून ठेवल्या आहेत. हे सॉफ्टवेअर वारा फार मंद असेल तर भरवशाचे नाही. हवा अगदी स्थिर असेल तर नाही. वारा मधेच फिरला, डोंगरदऱ्यांनी वळवला, तर नाही. उगमाच्या अगदी जवळ ढग ठिकठिकाणी दाट-विरळ असतो, तो ते दाखवत नाही. आगीतून किंवा रासायनिक क्रियेतून जे नवे पदार्थ तयार होतात त्यांचा हिशेब नाही. धुळीचा नाही. स्फोटात उडणाऱ्या तुकड्यांचा नाही. एका तासापलीकडचे आणि दहा किलोमीटरपलीकडचे ते बोलत नाही. इतका प्रामाणिक निवेदक मराठी कादंबरीतही क्वचित भेटतो.

पण ही यादी आमच्या भूगोलावर ठेवून वाचा. भोपाळमध्ये २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या टाकीतून सुमारे चाळीस टन मिथाइल आयसोसायनेट सुटले, तेव्हा थंडीची रात्र होती, वारा मंद होता आणि हवा जमिनीलगत स्थिर होती. म्हणून तो जड वायू वर न जाता झोपड्यांतून सरपटत गेला. म्हणजे भोपाळची रात्र या सॉफ्टवेअरच्या भरवशाच्या कडेवर येते. डोंबिवलीचे दोन्ही स्फोट, ज्यांत रसायनांची क्रिया हाताबाहेर जाते, आग लागते, पत्रे आणि लोखंड उडते, ते तर त्याच्या पलीकडेच. २०१४ च्या अखेरीस उल्हासनगरमध्ये टँकरने वालधुनीच्या पात्रात रसायन ओतले आणि काठच्या शेकडो लोकांना रात्रीतून दवाखान्यात न्यावे लागले. त्या टँकरचे अक्षांश-रेखांश आधी कोण भरणार? शेजारी मलंगगडाचे डोंगर, इकडे खाडी, वारा दिवसा एकीकडून आणि रात्री दुसरीकडून. साधन वाईट नाही. पण ते जिथे गप्प बसते तिथेच आमची माणसे राहतात. आणि मार्गदर्शिकेतली ही कबुली जिल्ह्याच्या फायलीत पोचेपर्यंत गळून पडते. उरतो तो रंगीत नकाशा, खाली सही आणि शिक्का. लबाडी सॉफ्टवेअरमध्ये नाही, त्या छाटणीत आहे.

यापेक्षाही खोलवरची अडचण त्या तीन रंगांच्या आकड्यांत आहे. हे आकडे ठरवताना म्हातारी माणसे, लहान मुले, दमेकरी यांचाही विचार केलेला आहे. ते मान्य केले पाहिजे. परंतु ते आयुष्यात एखाद्या वेळी, क्वचित घडणाऱ्या संपर्कासाठी आहेत. म्हणजे कल्पना अशी की, माणूस कालपर्यंत स्वच्छ हवा घेत होता, आज अचानक ढग आला, उद्यापासून पुन्हा स्वच्छ हवा. असा माणूस आमच्या वस्तीत दाखवा. तिथे रोज संध्याकाळी वास येतो, शनिवार-रविवारी जास्त येतो, पावसाळ्यात धुराड्याऐवजी नाल्यातून येतो. ज्याची छाती आधीच अर्धी झाली आहे त्याचा पिवळा पट्टा कुठे संपतो आणि नारिंगी कुठे सुरू होतो?

अमेरिकेतलीच एक घटना इथे सांगितली पाहिजे. भोपाळनंतर आठच महिन्यांनी, ११ ऑगस्ट १९८५ रोजी, त्याच युनियन कार्बाइडच्या वेस्ट व्हर्जिनियातल्या इन्स्टिट्यूट या गावच्या कारखान्यातून विषारी ढग सुटला आणि शंभरावर लोकांना दवाखान्यात उपचार घ्यावे लागले. भोपाळची बदनामी झाल्यावर तिथे ढगाचा मार्ग सांगणारी संगणक यंत्रणा बसवलेली होती. परंतु त्या दिवशी जे रसायन सुटले, अल्डिकार्ब ऑक्झाइम, त्याची माहिती त्या संगणकात भरलेलीच नव्हती. संगणकाने दुसऱ्याच रसायनाचा हिशेब केला. ढग कारखान्याच्या आवारातच राहील अशी समजूत झाली आणि लोकांना सावध करायला उशीर झाला. इन्स्टिट्यूट हे गाव कुणाचे? तिथे कृष्णवर्णीयांसाठी उभे राहिलेले कॉलेज आहे, आणि वस्ती मुख्यत्वे कृष्णवर्णीयांची. दोन वर्षांनी, १९८७ साली, तिथल्या युनायटेड चर्च ऑफ क्राइस्टने विषारी कचऱ्याच्या जागा आणि वंश यांचा संबंध देशभराच्या आकडेवारीने दाखवला. आपण १९७२ साली ब्लॅक पँथरवरून नाव घेतले, त्यांच्या कवितांचे अनुवाद केले, त्यांच्या आत्मकथनांशी आपली आत्मकथने ताडून पाहिली. त्यांचा हा अहवाल मात्र आपल्या वाचनात फारसा आला नाही. कवितेइतकाच तो आपल्या कामाचा होता.

आता 'जोखीम' या शब्दाकडे. शास्त्रात धोका आणि जोखीम वेगळे मानतात. क्लोरीनची टाकी उभी आहे, हा धोका. ती फुटण्याचा संभव किती आणि फुटली तर नुकसान किती, या दोहोंचा मेळ म्हणजे जोखीम. भेद उपयोगाचा आहे. पण मराठीत हा शब्द व्यापारातून आला. जुन्या सावकारीत जोखमी हुंडी असे. माल समुद्रात बुडाला तर पैसे बुडाले, पोचला तर नफा. जोखीम घेणारा नफा घेणाराही असतो, असा त्या शब्दाचा करार आहे. वस्तीच्या वाट्याला त्यातला अर्धाच करार आला. ज्याने हुंडी लिहिली नाही, माल पाहिला नाही, त्याच्या अंगावर गलबत बुडते. दिल्लीतल्या श्रीराम कारखान्यातून डिसेंबर १९८५ मध्ये ओलियम सुटल्यावर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८६ मध्ये निर्णय दिला. धोक्याचा धंदा करणाऱ्याची जबाबदारी पूर्ण आहे, काळजी घेतली होती हा बचाव चालणार नाही, असा त्याचा आशय. न्यायालयाने जणू शब्दाचा मूळ करार परत जागेवर ठेवला.

जोखमीच्या अहवालांत आणखी एक तक्ता असतो. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा संस्थेने अशी मर्यादा सुचवली की कामगाराच्या बाबतीत वर्षाला हजारात एक मृत्यूपर्यंतची जोखीम कशीबशी सहन करण्याजोगी, बाहेरच्या जनतेच्या बाबतीत दहा हजारांत एक. दहा लाखांत एकच्या खाली गेली की काळजीचे कारण नाही. आपल्याकडच्या अहवालांतही याच मोजपट्ट्या वापरलेल्या दिसतात. युक्तिवाद असा की कामगार पगार घेतो, त्याला प्रशिक्षण असते, त्याने स्वतः होऊन काम पत्करलेले असते, म्हणून त्याच्या जिवाला दहापट सूट. कंत्राटी कामगाराने काय पत्करलेले असते? माझे वडील डोंबिवलीत एका रंगाच्या कारखान्यात कंत्राटाने ड्रम हलवायचे. बावीस वर्षे हलवले, एकाही रसायनाचे नाव त्यांना कुणी सांगितले नाही. संध्याकाळी घरी आले की तळहात पिवळे असायचे आणि आई त्यांचे ताट वेगळे घासायची. बाबासाहेबांनी जातीला श्रमिकांची विभागणी म्हटले होते, नुसती श्रमाची नव्हे. या तक्त्यात ती विभागणी दहाच्या पटीत लिहिलेली आहे. फरक इतकाच की इथे ती मनुस्मृतीसारखी जन्मावर बसवलेली नाही. ठेकेदाराच्या हजेरीपटावर बसवलेली आहे. तो हजेरीपट कुणाच्या नावांनी भरतो, हे एकदा फाटकाशी उभे राहून कुणीही पाहावे.

आणि कंत्राटी माणसे त्या अहवालाच्या लोकसंख्येत तरी मोजली जातात का? कायम कामगार किती ते कागदावर असते. फाटकाशी सकाळी सातला उभी राहणारी माणसे कुठल्या रकान्यात? वस्तीतली लोकसंख्या जनगणनेवरून धरायची तर शेवटची पूर्ण झालेली जनगणना २०११ ची.

इथवर वाचून एखाद्या वाचकाला वाटेल की माझा निष्कर्ष ठरलेला आहे. सॉफ्टवेअर हे प्रस्थापितांचे हत्यार, आणि खरे ज्ञान वस्तीच्या अनुभवात. आपल्या समीक्षेला हा निष्कर्ष फार प्रिय आहे. अनुभवाची अस्सलता हा आपला मोठा निकष. त्याने सदाशिवपेठी साहित्याची मक्तेदारी मोडली आणि ते आवश्यकच होते. पण इथे तो निकष माणसे मारतो, हे स्वच्छ बोलले पाहिजे. वस्ती म्हणते, वास आला की कळतं. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो तो थोड्या प्रमाणात असेपर्यंत. प्रमाण शंभर पीपीएमच्या आसपास गेले की नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते. वास थांबला, माणसाला वाटते संकट टळले, आणि तो पुढे पाऊल टाकतो. कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नाही. माझे वडील रसायने वासावरून ओळखायचे आणि त्यांना त्याचा अभिमान होता. मला त्या अभिमानाची भीती वाटते. ज्या विषाचा अनुभव घेणारा सांगायला उरत नाही, तिथे अनुभवाची साक्ष कुठून आणणार? तिथे मोजणारे यंत्रच हवे आणि गणितच हवे. नकार देण्यासारखी गोष्ट विज्ञान नाही. ते कुणाच्या घराला धरून मांडले जाते, ही आहे.

१ नोव्हेंबर २०१८ रोजी कल्याण पूर्वेला चक्कीनाका भागातल्या एका विहिरीत सफाईसाठी माणूस उतरला आणि वर आला नाही. त्याला काढायला उतरलेले गेले, मग अग्निशमन दलाचे दोन जवान गेले. एका विहिरीत पाच माणसे. मे २०१९ मध्ये ठाण्यात ढोकाळी भागातल्या एका गृहसंकुलाच्या सांडपाण्याच्या टाकीत तीन कामगार गेले. गटार, सेप्टिक टँक, सांडपाण्याची टाकी. आपल्या माणसांना विषारी वायू गाठतो तो बहुतेक वेळा इथे, आणि हाताने मैला साफ करण्याविरुद्धचा २०१३ चा कायदा झाल्यावरही गाठतो. अलोहाच्या उगमांच्या यादीत टाकी आहे, थारोळे आहे, नळ आहे. मॅनहोल नाही. त्याचे कारणही साधे आहे. ढग बाहेर पडून दुसऱ्यांपर्यंत गेला तरच त्याला गळती म्हणायचे. मॅनहोलमधला वायू बाहेर येत नाही. माणूसच आत जातो. तेव्हा ती रासायनिक दुर्घटना ठरत नाही, सफाई कामगाराचा मृत्यू ठरते, आणि बातमी आतल्या पानावर जाते. व्याख्येने माणूस कसा गाळला जातो याचे याहून स्पष्ट उदाहरण मला सापडलेले नाही.

शासनाकडे उत्तर काय आहे? २०२२ साली डोंबिवलीतले दीडशेवर धोकादायक कारखाने पाताळगंगा इथे हलवण्याचे जाहीर झाले. दोन वर्षांनी अमुदानचा स्फोट झाला आणि कारखाने हलवण्याची घोषणा पुन्हा झाली. डोंबिवलीच्या पांढरपेशा वर्गाची ही मागणी जुनी आहे आणि तिच्यात खोटे काही नाही. पण कारखाने आधी आले की इमारती आधी, हा त्यांचा कारखानदारांशी चाललेला वाद मला अर्धवट वाटतो. गोळवली, सोनारपाडा, सागाव ही आगरी-कोळ्यांची गावे दोघांच्याही आधीची. त्यांच्या भातशेतीवर हे सगळे उभे आहे. आणि पाताळगंगेच्या खोऱ्यात काय रिकामे रान आहे? तिथे कातकऱ्यांच्या आणि ठाकरांच्या वाड्या आहेत. नकाशा रायगड जिल्ह्यात सरकेल, रंग तेच राहतील. आमच्या वस्तीतल्यांचे हात जातील आणि त्यांच्या छात्या जातील. यावर आपल्या चळवळीने अजून तोंड उघडलेले नाही.

कायद्याने माहिती देण्याचे कर्तव्य नवे नाही. भोपाळनंतर १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन कामगारांना आणि शेजारच्या लोकांना धोक्याची माहिती देणे मालकावर बंधनकारक झाले. १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांत तर स्पष्ट म्हटले आहे की मोठ्या अपघाताचा फटका ज्यांना बसू शकतो त्यांना अपघाताचे स्वरूप आणि त्या वेळी काय करायचे, काय नाही, हे सांगितले पाहिजे. कारखान्याबाहेरच्या आपत्तीची योजना जिल्ह्याने तयार करायची, तालमी घ्यायच्या. १९९६ च्या नियमांनी जिल्हा आणि स्थानिक पातळीवर आपत्ती गट ठरवून दिले. म्हणजे तो रंगीत नकाशा ज्याच्या घरावर पडतो त्याला दाखवणे, हा उपकार नाही. मी माझ्या वर्गातल्या चाळीस मुलांना विचारले. नकाशा, पत्रक, तालीम यांतले काहीही कुणाच्या घरी पोचलेले नव्हते. चाळीस मुलांवरून जिल्हा ठरत नाही, हे मला कळते. पण त्यातली निम्मी मुले कारखान्यांपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहतात.

मग मी त्यांना एक भाषेचे काम दिले. अशा योजनांत ज्या सूचना असतात त्यांतल्या तीन इंग्रजीतून सांगितल्या आणि म्हटले, तुमच्या आजीला कळेल अशा मराठीत लिहून आणा. पहिली, आहात तिथेच आडोसा घ्या, दारे-खिडक्या बंद करा, फटी बुजवा. दुसरी, वारा कुठून येतो ते पाहा. तिसरी, पळावे लागले तर वाऱ्याबरोबर पळू नका, वाऱ्याला आडवे पळा. हे तिसरे सूत्र खरोखर जीव वाचवणारे आहे. ढगाची लांबी पुष्कळ असते, रुंदी कमी.

पहिल्या सूचनेपाशी बहुतेक मुले अडली. एकीने लिहिले, "ओलं फडकं फटीला लाव, आणि फडकं संपलं तर साडी लाव." दुसरीचे उत्तर सगळ्यांनी मिळून शोधले. कारखान्यावरचे वाऱ्याचे मोजे भिंतीमागून दिसत नाहीत, पण दोरीवरचे धुणे दिसते; धुणे जिकडे फुगले, तिकडे वारा चालला. हे मी कुठल्याही अहवालात वाचलेले नाही आणि ते अहवालात घालायला हवे. तिसरीचे भाषांतर सोपे होते, सगळ्यांनी बरोबर केले. फक्त नाल्याकाठच्या वस्तीतल्या एका मुलाने खाली आपल्या गल्लीचा नकाशा काढून दिला. एका अंगाला नाला, दुसऱ्या अंगाला कारखान्याची भिंत, मधे सव्वा मीटरचा एकच रस्ता, पूर्व-पश्चिम. वस्तीवर वारा बहुतेक दिवस पश्चिमेचाच असतो.